लॅपटॉपचा अभ्यास चालू आहे

लॅपटॉप मोडला तेव्हा घरात दोघीच होत्या, आणि दोघींपैकी कोणीही तो मोडला नव्हता. निदान दोघींचंही म्हणणं तसंच होतं.

झालं होतं एवढंच की सासूबाईंचा पत्त्यांचा डाव संपला. त्यांनी चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला, डोळे चोळले आणि झाकण मिटलं. चष्मा आतच राहिला. झाकण बसेना म्हणून त्यांनी वरून तळहाताने दाबलं. झाकण बसत नसेल तर दाबायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता आणि डब्यांच्या बाबतीत तो कधी चुकला नव्हता. आतून कट्कन आवाज आला.

"यानं माझा चष्मा मोडला," सासूबाई म्हणाल्या.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिने झाकण उघडलं. चष्म्याची एक काडी तुटली होती, आणि पडद्याच्या उजव्या अंगाला शाई सांडावी तसा काळा डाग पसरला होता. सासूबाईंना तो लॅपटॉप पत्ते खेळायला आणि लांब राहणाऱ्या बहिणीचं तोंड बघायला लागायचा, नवऱ्याला सामने बघायला लागायचा, पण तिचं पोट त्यावर चालायचं.

ती घरी बसून माहितीपुस्तिकांची भाषांतरं करायची. गिझर, मिक्सर, केस वाळवायचं यंत्र, जे काही खोक्यातून निघतं त्याच्यासोबत जी घडीची पुस्तिका येते, ती. 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य तिने इतक्या वेळा लिहिलं होतं की ते तिच्या बोटांना पाठ होतं. ते कोणी वाचत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ती स्वतः कधी वाचत नसे.

त्या दिवशी कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका अर्ध्यावर होती आणि पुढच्या आठवड्याच्या शेवटी द्यायची होती. उरलेल्या अर्ध्या पडद्यावर तिने काम रेटलं. डावीकडे वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच अंधारात शिरायचं. 'यंत्राचे दार उघडण्यापूर्वी' एवढं दिसायचं, पुढचं गिऱ्हाइकाच्या नशिबावर. संध्याकाळपर्यंत डाग सरकत सरकत डाव्या काठाला टेकला आणि सगळाच काळोख झाला.

नवरा कामावरून आला. त्याने बूट काढले, हात धुतले, मग टेबलाशी बसून लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या मागे काहीतरी लकाकत होतं. तिने ते ओळखलं आणि तिचं धाबं दणाणलं.

"घाई करायची नाही," तो म्हणाला. "दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, याचा नीट अभ्यास करू."

तिचा नवरा एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात होता. तिथे त्याला सगळे 'कोटेशन' म्हणत, समोर सुद्धा. तीन ठिकाणचे भाव हातात असल्याशिवाय तो टाचणीची डबी मागवत नसे. कंपनीला याचा फायदा होत असेल, घराला मात्र घोर लागायचा. लग्नानंतर सोफा घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने कापडापासून स्प्रिंगपर्यंत सगळ्याचा अभ्यास केला. तोवर पाहुणे पलंगाच्या कडेवर, एकमेकांना खेटून, बसस्टॉपवर बसल्यासारखे बसायचे. शेवटी एक सोफा त्याला शंभर टक्के पसंत पडला. फोन केला तर कळलं, तो कारखाना मधल्या काळात बंद पडला होता.

"अहो, मला पुढच्या आठवड्यात काम द्यायचंय," ती म्हणाली.

"म्हणूनच चुकीचा निर्णय आपल्याला परवडणार नाही," तो म्हणाला.

सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी चष्म्याच्या दुकानात गेल्या आणि नवी फ्रेम घालून चहाच्या आत परत आल्या. कोणी कसला अभ्यास केला नाही.

शनिवारी नवरा-बायको लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. एका बाजूला मेलेले लॅपटॉप ताटांसारखे रचलेले, दुसऱ्या बाजूला वायरींचे गुंते खिळ्यांना टांगलेले, आणि मधे डोक्याला भिंग लावलेला दुरुस्तीवाला. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला, चालू केला, कानाशी नेऊन पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "नवा घ्या."

नवऱ्याने दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. "तुम्ही तर बाहेर लिहिलंय, सर्व प्रकारचे लॅपटॉप दुरुस्त करून मिळतील."

"मिळतील ना. नाही कुठे म्हणतोय? नुसता पडदा गेलाय. बदलला की चालेल."

"मग नवा कशाला?"

दुरुस्तीवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. "साहेब, तुमचा पडदा मी बदलून देतो. पुढे कधीतरी याची बॅटरी जाणार. ती तशीही जाणारच आहे, वय झालंय तिचं. पण तुम्ही माझ्याकडे येणार आणि म्हणणार, तुम्ही हात लावला आणि बिघडलं. मग घरातलं इंटरनेट जाणार, तेही माझ्यामुळेच. मागे एका गृहस्थांचा प्रिंटर पेटला. मी बघितलाही नव्हता तो प्रिंटर. मी त्यांच्या माउसची वायर जोडून दिली होती फक्त. आजही रस्त्यात भेटले की तोंड फिरवतात." त्याने लॅपटॉप परत पिशवीत घातला. "नवा घेतलात की शिव्या कंपनीला. माझी झोप शाबूत."

तिथून दोघं मोठ्या दुकानात गेली. आत पांढराशुभ्र उजेड होता आणि थंडी वाजेल इतका गारवा. लांबच लांब टेबलांवर नवे लॅपटॉप तोंडं उघडून ओळीने बसले होते. गळ्यात टाय लावलेला एक विक्रेता हसतमुखाने पुढे आला. नवऱ्याने त्याला सगळी हकीकत चष्म्यापासून सांगितली.

विक्रेत्याने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "नुसता पडदा गेलाय? मग दुरुस्त करून घ्या हो."

"काय?" नवरा म्हणाला.

"तुमच्या जुन्याला स्क्रू आहेत. हे नवे सगळे आतून चिकटवलेले. काही गेलं की अख्खा खालचा भाग बदला म्हणतात, आणि तो भाग—" तेवढ्यात व्यवस्थापक मागून गेला. विक्रेत्याचा आवाज एकदम चढला. "—आणि वजन बघा, सर! हातात घेऊन बघा! पीस आहे पीस!" नवऱ्याने हातात घेऊन बघितलं. व्यवस्थापक पुढच्या रांगेत वळला. "—तो भाग कधी शिल्लक नसतो," विक्रेत्याने कुजबुजत वाक्य पुरं केलं.

"तुम्ही असं गिऱ्हाइकांना सांगता?" तिने विचारलं. तिला त्याची काळजी वाटली.

"आज शेवटचा दिवस आहे माझा, मॅडम. सोमवारपासून गाद्यांच्या दुकानात लागतोय." त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी शांती होती. "गादी हँग होत नाही."

बाहेर पडल्यावर ती फुटपाथवर थांबली. दुरुस्तीवाला म्हणतो नवा घ्या, विकणारा म्हणतो दुरुस्त करा. तिला वाटलं, आता तरी हा माणूस वैतागून कुठलंतरी एक ठरवून टाकेल. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आनंदाने फुलला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "वाटतं तितकं सोपं नाहीये हे."

लॅपटॉप घरी येऊन कपाटावर गेला आणि अभ्यास सुरू झाला.

तिला मात्र थांबून चालणार नव्हतं. मागच्या रस्त्यावर सार्वजनिक वाचनालय होतं आणि तिथे लोकांसाठी संगणक ठेवलेत असं तिने ऐकलं होतं. सोमवारी सकाळी ती तिकडे गेली. वरच्या मजल्यावर लांबट खोली होती. खिडक्यांना मळकट निळे पडदे, भिंतीला लागून संगणकांची रांग. कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेलेली, 'क'च्या जागी तर खळगाच पडला होता. खुर्ची एका बाजूला कलायची. तिने नाक मुरडलं, मेलवरची फाइल उघडली आणि कामाला लागली.

थोड्या वेळाने तिला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते तिला लवकर उमगेना. मग लक्षात आलं की तिला कोणी हाक मारली नव्हती.

घरी ती जेवणाच्या टेबलावर काम करायची. जेवणाचं टेबल घराच्या मधोमध होतं, त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक जण तिच्यावरून जायचा. नवऱ्याला मोजे सापडायचे नाहीत. सासूबाईंना, ती समोर दिसतेच आहे म्हणून, स्वप्नात कोण आलं होतं ते सांगायचं असायचं. शेजारीण किल्ली ठेवायला यायची आणि किल्लीसोबत नणंदेच्या तक्रारीही ठेवून जायची. 'तू काय, घरीच असतेस' हे वाक्य ती आपल्या नावासारखं ऐकत आली होती. आणि इथे तिच्या शेजारच्या संगणकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते आगबोटींची चित्रं बघत होते आणि त्यांना तिच्याकडून काहीएक नको होतं.

मधेच तिला हसू आलं आणि ती त्या गृहस्थांना सांगायला गेली की इथे सूचनेत छपाईची चूक आहे, यंत्रात कपड्यांऐवजी कपबश्या घालायला सांगितलंय. तोच ग्रंथपाल बाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"इथे बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

इतकं सुंदर वाक्य तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

कपडे धुण्याचं यंत्र मुदतीच्या आधीच हातावेगळं झालं. पाठोपाठ तिने भांडी धुण्याच्या यंत्राचं काम मागून घेतलं, जे ती एरवी टाळायची, कारण त्यात तक्ते फार. कंपनीच्या माणसाने कळवलं की भाषा छान उतरली आहे, एकही चूक सापडली नाही. हेही पहिल्यांदाच घडत होतं. वाचनालयातून घरी येताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायची.

इकडे अभ्यासाने बाळसं धरलं होतं. नवऱ्याच्या कंपनीत वरून हुकूम आला होता की पुढची सूचना येईपर्यंत सर्व खरेदी बंद. खरेदी विभागाला खरेदी बंद म्हटल्यावर करायचं काय? माणसं सकाळी येत, टेबलं पुसत, रिकाम्या फायलींना नवी लेबलं लावत. अशा दुष्काळात कोटेशनने चहाच्या वेळी आपल्या लॅपटॉपचा विषय काढला आणि अख्खा विभाग त्यावर तुटून पडला. एकाने बाजारातल्या सगळ्या मॉडेलांची तुलना करायला घेतली. दुसऱ्याने दुरुस्तीनंतर लॅपटॉप किती टिकेल याचा आलेख काढला. हिशेबातल्या बाईंनी 'काहीच न करणे' हाही एक पर्याय असतो असं सुचवलं, आणि तो पर्याय आलेखावर इतका चांगला दिसला की तो घाईघाईने पुसून टाकावा लागला. शेवटी विभागप्रमुखांनी बैठकीची खोली राखून ठेवली आणि स्वतः अध्यक्ष झाले. त्या विभागात इतकी उमेद कोणी आजवर पाहिली नव्हती.

एका संध्याकाळी नवरा लगबगीने घरी आला. "ठरलं!" तो दारातूनच म्हणाला. "नवाच घ्यायचा. आज एकमताने ठरलं."

तिच्या हातातला चमचा थांबला. डोळ्यांसमोर निळे पडदे आले, कलती खुर्ची आली, आगबोटींवाले आजोबा आले. नवा लॅपटॉप आला की ती पुन्हा जेवणाच्या टेबलावर.

"छान झालं," ती म्हणाली. मग अगदी सहज, पातेल्यात बघत म्हणाली, "पण अहो, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेलं येणारेत म्हणतात ना?"

नवऱ्याचा चेहरा पडला आणि लगेच उजळला. "कोण म्हणालं?"

"कुठेतरी वाचलं."

"मग आत्ता घेणं म्हणजे मूर्खपणा!" तो म्हणाला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. बैठक पुन्हा बोलवावी लागणार होती.

पुढे हा तिचा परिपाठच झाला. तो दुरुस्तीवर आला की ती हळूच विचारायची, "पडदा बदलला तरी बिजागरी जुनीच ना?" तो नव्यावर आला की म्हणायची, "आपल्याकडचा प्रिंटर त्याला जोडला जाईल का हो?" तिचा असा बारकावा बघून त्याला तिचं कौतुक वाटायला लागलं. इतक्या वर्षांत आपली बायको आपल्या कामात एवढा रस घेईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ऑफिसात तो सांगायचा, "घरून एक मुद्दा आलाय," आणि सगळे माना डोलवायचे. तिला आतून कसनुसं व्हायचं. हा बिचारा मन लावून शोधतोय आणि आपण त्याच्या पायात खोडा घालतोय. पण सकाळ झाली की ती पिशवी उचलायची आणि वाचनालयाच्या पायऱ्या चढायची.

सासूबाईंचे हाल मात्र कुत्रा खात नव्हता. त्यांचे पत्ते बंद, बहिणीचं तोंड बंद. फोनवर बहीण दिसायची, पण नखाएवढी. त्यांनी खरे पत्ते आणवून बघितले, तर ते पिसायला लागायचे आणि हरलं की पुसून टाकता यायचे नाहीत. दिवसभर त्या खिडकीशी बसून लोकांची वाळत घातलेली कापडं बघत. आणि नुसतं बघायची सवय लागली की माणसाला बरंच काही दिसायला लागतं.

"काय गं," एका दुपारी त्यांनी सुनेला विचारलं, "तू त्याला खेळवते आहेस ना?"

सून गडबडली. "म्हणजे?"

"प्रिंटर जोडला जाईल का, म्हणे. आपला प्रिंटर भंगारात देऊन किती वर्षं झाली?"

खोटं बोलावं असा विचार सुनेच्या मनात आला, पण सासूबाई नव्या चष्म्यातून रोखून बघत होत्या.

"कुठे जातेस रोज?"

"वाचनालयात."

"काय आहे तिथे?"

"काही नाही, आई," ती म्हणाली. "तेच तर."

सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला. त्या स्वतः चार दिरांच्या घरात नांदल्या होत्या. तिथे एकटं बसायची एकच जागा होती आणि तिच्याही दारावर कोणी ना कोणी थाप मारायचं. "ते सगळं ठीक आहे," त्या अखेर म्हणाल्या. "तुझं तू बघ. पण माझे पत्ते काय म्हणून अडकलेत यात?"

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसात आणि सून वाचनालयात गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या. कपाटावरून लॅपटॉप काढला, भाजीच्या पिशवीत घातला आणि विचारत विचारत दुरुस्तीवाल्याची फट गाठली.

"आजी, नवा घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला.

"नको. हाच हवाय. पडदा घाल."

"पडदा मिळायला वेळ लागेल. ठेवून जा."

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या आणि बसल्या. दुकानात एकच स्टूल होतं आणि ते त्याचं होतं. तो उभा राहिला. गिऱ्हाइकं यायची, फोन दाखवायची, आणि सासूबाई त्यांना बसल्या जागेवरून विचारायच्या, "याच्याकडे दुरुस्त केलेलं चालतं का हो?" गिऱ्हाइकं बिचकून बघायची. शेवटी दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मेलेल्या लॅपटॉपांच्या चवडीतून त्याने एक ओढला, त्याचा पडदा सोडवला आणि यांच्यावर चढवला. तो किंचित पिवळट होता. त्यावर सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसत, पण दिसत तर होती.

"उद्या बॅटरी गेली तर माझ्याकडे यायचं नाही," तो म्हणाला.

"तुझ्याकडेच येणार," सासूबाई म्हणाल्या. "दुसरीकडे मला कोण ओळखतं?"

नेमकं त्याच दिवशी खरेदी विभागात अखेरचं मतदान झालं. खरेदीवरची बंदी उठणार अशी कुणकुण लागली होती, त्यामुळे हा विषय एकदाचा संपवणं भाग होतं. नवा घ्यावा असं ठरलं आणि या खेपेस विभागप्रमुख स्वतः नवऱ्यासोबत दुकानात गेले, घरून आणखी एखादा मुद्दा येण्याच्या आत.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप होते. एक पिवळ्या उजेडात पत्ते दाखवत होता, दुसरा अजून खोक्यात होता. टेबलाच्या एका बाजूला सासूबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला नवरा, तोंड उतरलेला.

"आईला थोडा धीर धरवला नाही," तो तिला म्हणाला. "एवढा अभ्यास केला आम्ही. अख्खा विभाग राबला. आता जुना दुरुस्त कशाला केला म्हणून ऑफिसात सांगू?"

"सांग, आईला कंटाळा आला म्हणून," सासूबाई पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाल्या.

"तुला हवा होता ना नवा?" त्याने बायकोला विचारलं. त्याचा आवाज असा होता की तिला त्याचा कळवळा आला. त्याने खोकं तिच्याकडे सरकवलं. "तू विचारलेला एकूण एक मुद्दा बघितला मी. मॉडेल नवंच आहे. बिजागरी तर लोखंडासारखी. प्रिंटरसुद्धा जोडला जातो."

ती खुर्चीवर बसली. सासूबाई एक पत्ता उचलून तशाच थांबल्या.

"अहो," ती म्हणाली, "ते मुद्दे मी तुम्हाला अडकवायला काढत होते."

"म्हणजे?"

"तुमचं ठरू नये म्हणून. लॅपटॉप आला असता तर मला पुन्हा इथे बसावं लागलं असतं. या टेबलावर."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग येतोय की हसू, हे त्यालाच कळत नव्हतं असं दिसलं. "मग मला सरळ सांगायचं होतंस."

"काय सांगणार? लॅपटॉप मोडलाय ते बरं झालं, असं?"

"तुला लॅपटॉप नको, जागा हवी आहे, असं."

"माझं मला तरी कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. "मोजे कुठे आहेत, किल्ली कुठे आहे, हे सांगता सांगता मी काम करत होते. मला वाटायचं, काम असंच असतं. तिकडे बसले तेव्हा कळलं."

मग नवऱ्याने घसा साफ केला. "आतली लहान खोली आहे ना," तो म्हणाला, "तिथलं सामान हलवलं तर एक टेबल बसेल. कुठलं टेबल घ्यायचं, खिडकीकडे तोंड करून की भिंतीकडे, याचा जरा नीट—"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

तो दचकला, मग हसायला लागला. पाठोपाठ तीही हसली. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पत्ता खाली टाकला तो अगदी बरोबर जागी.

वाटणी अशी ठरली की जुना लॅपटॉप दिवसा सुनेचा. ती तो पिशवीत घालून वाचनालयात नेणार, म्हणजे 'क' शोधायला खळग्यात बोट घालायला नको. संध्याकाळी तो सासूबाईंचा. आणि नवा सध्या खोक्यात राहील, कारण त्याला योग्य असं कव्हर मिळेपर्यंत तो हाताळणं धोक्याचं आहे. कव्हरांचे बरेच प्रकार असतात, असं नवऱ्याच्या वाचनात आलं होतं.

सकाळी तिने लॅपटॉप पिशवीत भरला. नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. त्याने तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग स्वतःच गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघायला लागला. ती बाहेर पडली.

दिवसभर चांगलं काम झालं. संध्याकाळी ती परत आली तर घरातून बोलण्याचा आवाज येत होता. तिने दार लोटलं. टेबलावर खोकं आडवं पडलं होतं आणि त्यातला थर्मोकोल जमिनीवर आला होता. नव्या लॅपटॉपच्या पडद्यावरची पातळ प्लास्टिकचा पापुद्रा कोणीतरी नखाने सोलून, गुंडाळून बशीत ठेवला होता. सासूबाई आणि नवरा खुर्च्या जोडून त्याच्यासमोर बसले होते. पडद्यावर बोटांचे ठसे उमटले होते, आणि तरीही नवऱ्याची काही तक्रार नव्हती.

"अरे, लाल नव्वी काळ्या दहावर टाक," सासूबाई म्हणत होत्या.

"थांब, आई. आधी खालचे बघू दे. घाई करून उपयोग नाही."

"तू बघत बस. तोवर मी म्हातारी होईन."

"तू आहेसच म्हातारी."

सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली आणि स्वतःच नव्वी सरकवली. डाव सुटला. पडद्यावरचे पत्ते चारी दिशांना उड्या मारायला लागले आणि नवरा शाळेतल्या पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. सुनेने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. तिने कोणाला हाक मारली नाही.